पेलेट ग्रिलसाठी घरच्या घरी केलेले जुगाड: स्मोक ट्यूबपासून बिडाच्या तव्यापर्यंत

मागच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे डेन्व्हरला आली होती. मी मोठ्या हौसेने तिला मागच्या अंगणातला पेलेट ग्रिल दाखवला, हॉपरचं (पेलेट भरायच्या पेटीचं) झाकण उघडून आतल्या कांड्या दाखवल्या, बटण दाबून पेटवला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे भुशाचीच शेगडी की रे ही, फक्त विजेवरची."

आता यावर काय बोलणार! बरोबरच आहे ते. नाशिकला लहानपणी वखारीतून पोत्याने भुसा यायचा, शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, मग बाटली अलगद वर ओढून काढायची आणि खालच्या तोंडातून लाकूड सरकवून पेटवायचं, आणि भुसा जरा जरी दमट असला की घरभर धूर. पेलेट म्हंजे तोच भुसा, यंत्रात दाबून साधारण पाव इंच जाडीच्या कांड्या केलेला. ओरेगॉनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगरने या ग्रिलचं पेटंट १९८६ मध्ये घेतलं, ते संपल्यावर बाकीच्या कंपन्या उतरल्या आणि आता इथे प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानाबाहेर रांगेने उभे असतात.

आतलं काम साधं आहे. हॉपरमधून ऑगर नावाचा लांब स्क्रू पेलेट ढकलत फायर पॉटमध्ये, म्हणजे जळायच्या वाटीत, टाकतो, तिथे हॉट रॉड तापून ते पेटवते, पंखा हवा देतो, कंट्रोलर तापमान बघून ऑगर कमीजास्त फिरवतो. बस. यात माझ्या (आणि बहुतेकांच्या) तक्रारी चारच: धूर कमी लागतो, थंडी-वाऱ्यात उष्णता पळते, तव्यासारखं कडक भाजत नाही, आणि पेलेट दमट झाले की सगळा खेळ खलास. या चारही गोष्टींवर बाजारात अॅक्सेसरीज मिळतात, पण त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे वाकवलेला पत्रा आणि चार नटबोल्ट. ते आपण करू शकतो. माझं एकच पथ्य आहे, धातूकाम कितीही करा पण पंख्याची हवा आणि कंट्रोलरची वायरिंग यांच्या वाटेला जायचं नाही.

आधी सामान कुठलं घ्यायचं नाही ते

आगीच्या जवळ गॅल्व्हनाइज्ड काहीही नको. जाळी, पत्रा, बोल्ट, वॉशर काहीही. त्यावर जस्ताचा थर असतो, तो खूप तापला की त्याचा धूर विषारी. स्टेनलेस ३०४ घ्या, नाहीतर साधं काळं लोखंड घेऊन तेल लावून तव्यासारखं मुरवा. जुन्या फ्रिजच्या जाळ्या फुकट मिळतात म्हणून कुणीतरी सांगेल, त्या मुळीच वापरू नका, जुन्यांवर कधीकधी कॅडमियमचा मुलामा असतो. बाहेरच्या डेकसाठी मिळणारं औषध मारलेलं लाकूडही उष्णतेजवळ नको. आणि नवीन धातूची कुठलीही वस्तू केली की पहिल्यांदा साबणाने धुवायची, मग रिकाम्या ग्रिलमध्ये ३५० फॅरनहाइटला (१७५ सेल्सियसच्या आसपास) तासभर तापवायची, कारण कारखान्यातलं कटिंग ऑइल त्यावर असतंच.

स्मोक ट्यूब: पहिली हीच करा

पेलेट ग्रिल जेवढा जास्त तापमानाला चालवाल तेवढा धूर कमी, कारण जळणं स्वच्छ होतं. २२५ ला (१०७ सेल्सियस) थोडाफार येतो, ३५० ला जवळजवळ नाहीच. चिकन ३५० ला लावलं की ओव्हनमधलंच वाटतं. उपाय म्हणजे भोकाभोकांची नळी, त्यात पेलेट भरून एका टोकाला पेटवून ग्रिलमध्ये ठेवायची, ती ज्वाळा न होता धुमसत राहते, उदबत्तीसारखी.

लागेल काय: स्टेनलेसचा भोकं असलेला पत्रा १३ इंच बाय ७ इंच, भोकं ३ ते ४ मिलिमीटरची (मोठी असली तर पेलेटचे तुकडे बाहेर गळतात), तीन होज क्लॅम्प (पाइप आवळायचे स्क्रूचे पट्टे), पत्रा कापायची कात्री, आणि जाड हातमोजे. हातमोजे खरंच जाड हं, कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, मी अंगठ्याला दोन टाके घालून घेतलेत.

पत्रा गुंडाळायला दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, दीड इंची म्हणतात पण त्याचा बाहेरचा व्यास १.९ इंच असतो, म्हणजे आपल्याला हवी तशी २ इंचाची नळी होते. २ इंच व्यासाला घेर लागतो सव्वासहा इंच, म्हणून ७ इंचाच्या पत्र्यात पाऊण इंच एकावर एक चढतं. गुंडाळण्याआधी एका टोकाला इंच-इंच खोल चिरा पाडून घ्या, दर पाऊण इंचावर एक. मग पत्रा पाइपवर घट्ट गुंडाळायचा, तो परत उघडायला बघतो म्हणून जरा जास्तच आवळायचा, तीन ठिकाणी क्लॅम्प लावून पिळायचे आणि पाइप काढून घ्यायचा. चिरा पाडलेलं टोक आतल्या बाजूला दुमडत जायचं, वाण्याच्या पुडीचं बूड करतो तसं. झालं तळ तयार. क्लॅम्प घेताना स्क्रूसकट सगळा स्टेनलेस आहे ना ते बघा, बऱ्याच क्लॅम्पचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू गॅल्व्हनाइज्ड असतो.

पेटवायची पद्धत महत्त्वाची, इथेच लोक चुकतात आणि म्हणतात ट्यूब विझते. पेलेट अगदी कोरडे हवेत. ट्यूब उभी धरून वरच्या टोकाला प्रोपेन टॉर्च मिनिटभर मारायचा, घाई नको, मग ज्वाळा तशीच चार-पाच मिनिटं जळू द्यायची म्हणजे आतपर्यंत निखारा धरतो, आणि मग फुंकून विझवायची. आता ती आडवी करून जाळीवर मागच्या बाजूला ठेवायची, फायर पॉटच्या बरोबर वर नाही, नाहीतर अख्खी ट्यूब एकदम पेटते. भरलेली ट्यूब साधारण चार-पाच तास चालते.

याचा एक बोनस असा की ग्रिल बंद ठेवून नुसती ट्यूब लावली की थंड धूर मिळतो. गार दिवशी मी त्यात मीठ, काजू आणि लाल तिखट पसरट ताटलीत ठेवून दोन तास धूर देतो, ते तिखट नंतर वांग्याच्या भरतात घालून बघा. पनीरलाही तासभर चालतं, पण हवा खरंच गार हवी, उन्हाळ्यात हा उद्योग नको.

थंडीची गोधडी

इथे जानेवारीत रात्री उणे तापमान असतं आणि वरून वारा. पातळ पत्र्याचा ग्रिल अशा वेळी पेलेट नुसता गिळतो, उन्हाळ्यात २२५ ला तासाला एक ते दोन पौंड लागतात, तेच थंडीत सहज दीडपट-दुप्पट. कंपनीची इन्सुलेटेड ब्लँकेट महाग. वेल्डिंग ब्लँकेट म्हणून जे फायबरग्लासचं जाड कापड मिळतं ते तेच काम करतं, चार बाय सहा फुटांचं एक पुरतं.

थंड ग्रिलवर ते टाकून माप घ्या, मागच्या बिजागरीपासून वरून पुढच्या हँडलच्या जरा वरपर्यंत. खडूने खूण करा, चिमणीसाठी गोल जागा मोठीच कापा. कापताना मास्क आणि लांब बाह्या, फायबरग्लासची कुसं अंगाला लागली की दोन दिवस खाजत बसाल, खाजकुइलीची आठवण येते अगदी. कडा उसवतात म्हणून इंचभर दुमडून बारीक स्टेनलेस तारेने टाका घालायचा, सुतळीने गोणी शिवतो तसा. साध्या दोऱ्याने शिवू नका.

धरून ठेवायला मॅग्नेट. इथे मी शहाणपणा केला होता, छोटे छोटे जबरदस्त ताकदीचे निओडिमियम मॅग्नेट आणले, पहिल्याच ब्रिस्केटला (गाईच्या छातीचं मांस, रात्रभर शिजत ठेवायचं) मध्यरात्री ब्लँकेट घसरून खाली. साधे निओडिमियम ८० सेल्सियसच्या वर गेले की ताकद सोडायला लागतात. काळे फेराइट मॅग्नेट घ्या, ते दिसायला बावळट पण २०० सेल्सियसच्या वरही टिकतात.

काय झाकायचं नाही ते नीट वाचा: चिमणी, हॉपर, कंट्रोलरची बाजू, आणि खालची हवेची भोकं. फक्त बॅरल आणि झाकण. ब्लँकेट लावून ३५० च्या वर मी जात नाही, रंग पोळतो. आणि मे महिना आला की काढून ठेवायची, उन्हाळ्यात लावली तर तापमान खाली यायलाच तयार नसतं.

झाकणाच्या फटीतून धूर भसाभस येत असेल तर गॅस्केटची (फट बुजवायची, उष्णता सोसणारी) टेप लावता येते. कड अल्कोहोलने चकचकीत पुसायची, तेलाचा अंश राहिला की टेप आठवड्यात सुटते, मग टेप चिकटवून झाकण बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. पण फार कडेकोट बंद करायच्या मागे लागू नका. पंखा आत हवा ढकलतोय, तिला बाहेर जायला चिमणीची वाट मोकळी हवी, नाहीतर धूर उलटा हॉपरमध्ये शिरतो. थोडी फट राहिली तर राहू दे.

वरचा मजला

ग्रिलची जाळी मोठी दिसते पण दहा माणसं जेवायला आली की कणसं कुठे, चिकन कुठे आणि वांगी कुठे अशी पळापळ. स्टेनलेसची हाफ शीट कूलिंग रॅक (साधारण साडेअकरा बाय साडेसोळा इंच, बेकिंगच्या सामानात मिळते) आणि पाव इंच जाडीचे पाच इंची चार स्टेनलेस बोल्ट, आठ रुंद वॉशर, आठ नट, एवढ्यात वरचा मजला होतो. कोपऱ्यातल्या दोन तारांच्या मधून बोल्ट खाली सोडायचा, तारांच्या वर एक वॉशर आणि खाली एक, दोन्हीकडून नट आवळायचा. चारी पाय एका पातळीत करायला नट खालीवर फिरवायचे, म्हणूनच बोल्ट वापरायचे, वेल्डिंगची गरजच नाही. आधी झाकण बंद करून आतली उंची मोजा. मी मोजली नव्हती, सहा इंची बोल्ट आणले आणि झाकण बंदच होईना.

सीख कबाबसाठी आणखी सोपं. दोन कोरड्या फायरब्रिक (भट्टीच्या विटा) दोन्हीकडे उभ्या ठेवा आणि त्यांच्यावर सळया आडव्या टाका, मांस जाळीला चिकटत नाही, खालून गरम हवा फिरते. नदीतले गोटे किंवा पावसात भिजलेली वीट घेऊ नका, आतलं पाणी तापून ती फुटते, आणि फुटली की तुकडे उडतात.

बिडाचा तवा आणि काळी पाटी

बहुतेक पेलेट ग्रिल ४५० ते ५०० फॅरनहाइटच्या पुढे जात नाहीत, आणि तीही हवेची उष्णता, निखाऱ्याची थेट धग नाही. स्टेकला किंवा तंदुरी चिकनला करपलेले डाग हवे असतील तर उष्णता साठवणारं जड काहीतरी हवं. माझ्याकडे गावाहून आणलेला बिडाचा तवा होता (सामानाच्या वजनात त्याच्यासाठी लोणचं काढून ठेवावं लागलं, असो), तो फायर पॉटच्या बरोबर वरच्या जागेवर ठेवून ग्रिल फुल्ल करून अर्धा तास तापू दिला की मग मांस टाकल्यावर जो आवाज येतो तो ऐकण्यासारखा.

तवा नसेल तर लोखंडाच्या दुकानातून पाव इंच जाडीची साध्या लोखंडाची पाटी कापून घ्या, १२ बाय १२ इंच, वजन साधारण साडेचार किलो भरतं. हॉट रोल्ड लोखंडावर राखाडी पापुद्रा असतो, तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून घासून काढायचा, लगेच धुवून कोरडं करून तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि ४०० ला तासभर, असं तीनचारदा. नंतर त्यावर घावनसुद्धा सुटतात. एक लक्षात ठेवा, अख्खी जाळी झाकेल एवढी मोठी पाटी नको, चारी बाजूंनी निदान दोन इंच मोकळे हवेत. नाहीतर उष्णता खालीच कोंडते, सेन्सरला वाटतं वर गार आहे, कंट्रोलर आणखी पेलेट टाकत राहतो, आणि खाली ड्रिप ट्रेवर, म्हणजे ठिबकणारं झेलणाऱ्या पत्र्यावर, चरबी असेल तर ती पेट घेते. तशी पेटलीच तर झाकण बंद, ग्रिल बंद, पाणी अजिबात नाही.

ड्रिप ट्रेला फॉइल लावत असाल तर एकदा खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवा, दर वेळी त्यावरून फॉइल कापायची. कडेची फट झाकली जाता कामा नये.

हॉपर आणि पेलेट

इथे माझी सगळ्यात महाग चूक झाली. मे महिन्यात गारांचा पाऊस आला, कव्हर घातलेलं नव्हतं, हॉपरमध्ये पाणी शिरलं. भिजलेला पेलेट फुगून परत भुसा होतो आणि ऑगरच्या नळीत वाळला की सिमेंट. मोटर काढून, पिन काढून, स्क्रू हातोडीने ठोकून बाहेर काढायला माझा अख्खा रविवार गेला. तेव्हापासून काम झालं की उरलेले पेलेट हॉपरमध्ये ठेवत नाही.

साठवायला पाच गॅलनची बादली आणि रबरी रिंगचं फिरकीचं झाकण, २० पौंडांची एक पिशवी त्यात आरामात बसते. आणि दुसऱ्या बादलीची करा चाळण: बूड कापून टाका, कडेचा इंचभर काठ ठेवा, त्यावर इंचाच्या आठव्या हिश्शाएवढ्या भोकांची जाळी रिव्हेट किंवा छोट्या बोल्टने लावा (ही जाळी तापत नाही, त्यामुळे इथे गॅल्व्हनाइज्ड चालते). रिकाम्या बादलीवर ही धरून पेलेट ओतायचे, हलवायची, भुकटी खाली. पिशवीच्या तळाशी तर मूठमूठ भुकटी निघते, ती ऑगरमध्ये जाऊन चिकटते आणि तापमान खालीवर होतं. भुकटी झाडांच्या आळ्यात.

दुसरा त्रास म्हणजे बोगदा. हॉपरचा उतार कमी असला की मधले पेलेट खाली जातात आणि कडेचे भिंतीला तसेच उभे राहतात, वरून भरलेलं दिसतं पण ऑगर रिकामा. पहाटे तीनला आग विझते ती यामुळे. पुठ्ठ्याचा साचा करून बघा, मग पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन उतरत्या पाट्या आत बसवा, निदान ४५ अंशांचा उतार हवा, जास्त असला तर उत्तम. ऑगरवरची बोटं वाचवायची जाळी मात्र काढायची नाही. आणि आग विझलेली दिसली तर तसंच परत स्टार्ट दाबू नका! फायर पॉट न जळलेल्या पेलेटने भरलेला असतो, तो सगळा एकदम धुमसतो, धूर कोंडतो आणि भडका उडून झाकण धाडकन उघडतं. प्लग काढायचा, गार होऊ द्यायचा, पॉट रिकामा करायचा, मगच.

हॉपर मोठा करायचा असेल तर हिशोब सोपा, एक घनफूट पेलेट साधारण ४० पौंड. म्हणजे आतून १२ बाय १२ बाय ६ इंचाची चौकट वर चढवली की २० पौंड वाढले. लाकडी न करता पत्र्याची करा आणि झाकण घट्ट बसलंच पाहिजे, हॉपरमध्ये वरून हवा खेळायला लागली तर आग ऑगरमधून मागे सरकू शकते.

किती पेलेट उरलेत ते कळायला मी आधी अलार्म केला होता, ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाली छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी) आणि लेझरने अंतर मोजणारा छोटासा सेन्सर झाकणाला आतून, फोनवर मेसेज यायचा. आयटीवाल्यांना असलं काही केल्याशिवाय झोप येत नाही. पंधरा दिवसांत सेन्सरवर भुकटी बसली आणि रिकाम्या हॉपरला तो भरलेला म्हणायला लागला. आता हॉपरच्या आतल्या भिंतीवर मार्करने रेघा मारल्यात, दर वेळी पाच पौंड वजन करून ओतायचे आणि रेघ मारायची. रात्री झोपायला जाताना रेघ बघतो, तासाला लागणारे पौंड गुणिले उरलेले तास एवढे पेलेट आहेत ना ते बघतो, झालं. ज्यांना अख्खा कंट्रोलरच रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर करायचाय त्यांच्यासाठी पायफायर नावाचा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, पण त्यात १२० व्होल्टशी खेळ आहे, त्यामुळे मी त्याच्या नादी लागलो नाही.

प्रोब (तापमान मोजायची सळई) तपासायला मात्र काही बांधावं लागत नाही. ग्लासभर चुरलेला बर्फ, वर थोडं पाणी, ढवळून प्रोब मधोमध धरा, शून्य सेल्सियस दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्याने तपासताना आपण कुठे राहतो ते बघा, डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहे, इथे पाणी ९५ सेल्सियसच्या आसपासच उकळतं. मी याच कारणाने दोन चांगले प्रोब खराब समजून टाकून दिले, आणि मग आईने विचारलं की तुमच्याकडे डाळ शिजायला एवढा वेळ का लागतो रे.

राख काढताना ती पूर्ण गार हवी, मी दुसऱ्या दिवशीच काढतो. शॉप व्हॅकमध्ये (गॅरेजच्या मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये) एक जरी निखारा गेला तरी फिल्टर पेटतो.

पुढचं काम रोटिसरीचं, म्हणजे मोटरवर फिरत्या सळईचं, आहे. मोटर आणून तीन महिने झाले, गॅरेजमध्ये पडलीये, स्टेप बिटही (पत्र्याला मोठी भोकं पाडायचा ड्रिलचा बिट) आणलाय, पण चांगल्या बॅरलला दोन्ही बाजूंनी भोकं पाडायचा अजून धीर होत नाहीये.